सम्पची गुळगुळ दर दोन दिवसांनी परत का येते? व्हॉल्व्ह फिरवण्याआधी पाणी कुठे उभं आहे ते बघा

गेल्या वर्षी रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आम्ही सुदामानगरला घरी परतलो, त्या संध्याकाळी माशांच्या टँकखालच्या कपाटातून पहिल्यांदा तो आवाज आला. गुळगुळ, मग हवा ओढल्यासारखा सुस्कारा, दोन मिनिटं शांत, पुन्हा गुळगुळ. टँकभर बारीक बुडबुडे पसरले होते आणि एंजल मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन उभे होते. मी टँकचं पाणी खाली नेणाऱ्या सायफनच्या पाइपाचा व्हॉल्व्ह थोडा आवळला, आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले, सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या पाणी गाळणाऱ्या टाकीत, आठ-नऊ लिटर पाणी घातलं, आणि आता नेमकं उलटं झालं. शेजारच्या दुसऱ्या पाइपातून धो धो पाणी पडायला लागलं. मग व्हॉल्व्ह तेवढाच सैल केला. तेही थांबलं. पुन्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुळगुळ.

असं जूनपर्यंत चाललं. जुलैत पाऊस लागला आणि आवाज आपोआप बंद झाला. मला वाटलं, शेवटी व्हॉल्व्हची बरोबर जागा सापडली. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रात्री दोनला हाक मारली, "अगं, पुन्हा सुरू झालं बघ ते." ते हॉलमध्येच झोपतात, त्यामुळे टँकचा बारीकसा बदलही आधी त्यांच्या कानावर येतो.

ज्यांच्या घरी हेच चक्र चालू आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. दुखणं व्हॉल्व्हमध्ये नव्हतं. मी आठ महिने चुकीच्या ठिकाणी हात घालत होते.

आधी आमच्याकडची रचना सांगते, म्हणजे आकडे लावून बघता येतील. टँक ४८ × १८ × २४ इंच, म्हणजे काठोकाठ ३४० लिटर, प्रत्यक्ष पाणी ३०० च्या आसपास. खाली सम्प ३६ × १५ × १६ इंच. त्यात पहिल्या कप्प्यात सॉक, म्हणजे कचरा गाळणारी कापडी पिशवी, आणि स्पंज, मधल्या कप्प्यात सिरॅमिक रिंग, मग बुडबुडे अडवणाऱ्या दोन काचा, आणि शेवटी पंपाचा कप्पा, २० सेंटिमीटर लांब आणि ३८ रुंद. टँकच्या मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोचा काचेचा कप्पा आहे. त्याच्या वरच्या पट्टीवरून टँकचं पाणी आत उतरतं, आणि त्यात दोन पाइप उभे आहेत. एक पूर्ण पाण्याने भरून चालणारा सायफन, त्यावर व्हॉल्व्ह. दुसरा उघडा, आणीबाणीचा, त्यावर काहीही नाही. मत्स्यपालनाची आवड असणाऱ्यांत याला हर्बी पद्धत म्हणतात. तीन पाइपांची बीन अॅनिमल पद्धत असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं.

ज्यांच्याकडे खाली येणारा पाइप एकच आहे त्यांनी मात्र एक गोष्ट आजच तपासावी. त्या एकुलत्या पाइपावर व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा, आणि जमेल तेव्हा काढूनच टाका. तिथे एक पान अडकलं की टँक वरून वाहणार आणि सम्पमधलं पाणी हॉलच्या फरशीवर येणार. एका पाइपाचा आवाज कमी करायचा तर प्रवाह कमी करा किंवा पाइप जाड घ्या. त्याला आवळून शांत करू नका.

पंप जेवढं वर नेतो, तेवढंच खाली येतं

सम्प "बॅलन्स" करायचा म्हणजे वर जाणारं आणि खाली येणारं पाणी आपण हाताने जुळवायचं, असं मला वाटायचं. दुकानदाराने तसंच सांगितलं होतं, वर मोठा पंप घ्या म्हणाला. मोठा पंप मी घेतला नाही हे बरं झालं, कारण त्याने आवाज वाढला असता आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं असतं.

पाणी स्वतःच जुळतं. पंपाने मिनिटाला २४ लिटर वर नेलं, तर टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या पट्टीवर तेवढी चढते की मिनिटाला २४ लिटरच पट्टीवरून उतरतात. पंप मंदावला, की पातळी मिलिमीटरभर खाली येते आणि उतरणारं पाणीही कमी होतं. यात आपल्याला जुळवण्यासारखं काही नाही. व्हॉल्व्हचं काम एकच. उतरणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ सगळं सायफनमधून जावं, आणि अगदी बारीक धार, करंगळीपेक्षाही बारीक, दुसऱ्या पाइपात पडत राहावी. ती धार पडते आहे म्हणजे सायफनचं तोंड पाण्याखाली आहे, त्यात हवा जात नाही, म्हणून आवाज नाही. धार बंद झाली आणि पातळी सायफनच्या तोंडापर्यंत उतरली, की हवा आत ओढली जाते. तीच गुळगुळ. धार जाड झाली, की धबधबा.

म्हणजे व्हॉल्व्ह लावताना आपण पंपाच्या त्या क्षणीच्या प्रवाहाशी जुळवून लावतो. पुढे पंपाचा प्रवाह बदलला, तर कितीही नीट लावलेला व्हॉल्व्ह चुकीचाच ठरणार. आता प्रश्न राहिला तो एवढाच, की तोच पंप, तीच वीज, तोच पाइप असताना दोन दिवसांत प्रवाह बदलतो कशाने?

हे आप्पांनी विचारलं. ते मिलमध्ये फिटर होते, उभा जन्म वाफेच्या आणि पाण्याच्या लायनींत गेला. मी व्हॉल्व्ह कसा फिरवते ते त्यांनी खुर्चीवर बसून दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "चावी मग फिरव. आधी पाणी मोज. आणि पाणी गेलं कुठे ते बघ."

एक सेकंदाचा फरक

मोजायला पाच लिटरची खूण असलेला डबा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर टँकमध्ये सोडणाऱ्या पाइपाचं, नोझल टँकमधून बाहेर वळवून डब्यात धरायचं, खुणेपर्यंत किती वेळ लागला तो लिहायचा, पाणी परत टँकमध्ये ओतायचं, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या, कारण एका वेळेच्या मोजणीत बोटाचीच अर्ध्या सेकंदाची चूक होते. नोझलची उंची पाण्याच्या पातळीएवढीच धरा, वर उचललं तर प्रवाह आणखी कमी भरेल.

सकाळी, सम्प भरलेला असताना, पाच लिटरला साडेबारा सेकंद लागले. म्हणजे तासाला १४४० लिटर. पंपाच्या डब्यावर ३००० लिहिलं आहे, पण तो आकडा पाणी अजिबात उचलायचं नसतानाचा. आमच्याकडे सम्पच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंत जवळजवळ १.४ मीटर उंची आहे, वर पाइपाची दोन वळणं. आणि हा पंप जास्तीत जास्त तीनच मीटर उचलतो, त्यापुढे शून्य. तेव्हा निम्मा प्रवाह मिळतो यात पंपाचा दोष काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुळगुळ सुरू झाल्यावर, पुन्हा मोजलं. साडेतेरा सेकंद. तासाला १३३० च्या आसपास. एका सेकंदाचा फरक, पण तासाला शंभरावर लिटर कमी.

मग मोजपट्टी घेऊन पंपाच्या कप्प्यातली पातळी मोजली. आदल्या दिवशी सकाळी काचेवर चिकटपट्टीची खूण केली होती. पाणी तिच्याखाली ११ सेंटिमीटर उतरलं होतं. पंपाला आता तेच पाणी ११ सेंटिमीटर जास्त उंच उचलावं लागत होतं, आणि तीन मीटरच्या पंपाला ही वाढ जाणवते. इंदूरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. १९७८ पासून आपण मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी पितो आहोत. उंचीची किंमत पंपाला मोजावीच लागते, मग ती घाटाची असो की कपाटातल्या सम्पची.

आता पाणी गेलं कुठे? उडालं. पंपाच्या कप्प्याचं क्षेत्रफळ २० × ३८, म्हणजे ७६० चौरस सेंटिमीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की पाऊण लिटर गेलं. ११ सेंटिमीटर म्हणजे ८.४ लिटर, दोन दिवसांत. टँकला झाकण नाही, वर पंखा फिरतो, हवा कोरडी. दिवसाला चार लिटर उडणं यात नवल नाही.

नवल वाटावं अशी गोष्ट दुसरी आहे. टँकमधून पाणी उडतं, मधल्या कप्प्यांतून उडतं, पण पातळी उतरते ती फक्त पंपाच्या कप्प्यात. टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या पट्टीने बांधलेली आहे, आधीच्या कप्प्यांची पातळी मधल्या काचांनी. साऱ्या घटीचा भार शेवटच्या छोट्या कप्प्यावर येतो. म्हणून टँक भरलेला दिसतो, आपण निर्धास्त असतो, आणि खाली पंपाचं पाणी खोल खोल जात असतं. पावसाळ्यात इंदूरची हवा ओली असते, उडणं लिटर-दीड लिटरवर येतं, पातळी फारशी उतरत नाही. माझा "सापडलेला" व्हॉल्व्ह जुलैत शांत का होता आणि दिवाळीनंतर का बिघडला, याचं उत्तर एवढंच.

आणि मी काय करत होते? पातळी खाली असताना व्हॉल्व्ह आवळायचा, पाणी भरल्यावर सैल करायचा. दर वेळी वेगळ्या पातळीला लावलेली जागा.

दुरुस्तीला सुरुवात खुणेपासून

पंपाच्या कप्प्याच्या बाहेरच्या काचेवर एक पक्की खूण करा. आमची तळापासून २३ सेंटिमीटरवर आहे. पाणी त्या खुणेवर असल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. आवाज आला, तर आधी खुणेपर्यंत पाणी भरायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग ऐकायचं. आमच्याकडे दहापैकी आठ वेळा तो आवाज तिथेच संपला.

पाणी खुणेवर असताना व्हॉल्व्ह असा लावा. पूर्ण उघडा असू दे, गुळगुळेल. मग थोडा थोडा आवळत जा, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं थांबा, कारण ओव्हरफ्लोच्या कप्प्यातली पातळी हळूहळू सरकते. घाईने फिरवलं की आपण त्या पातळीच्या मागे धावत राहतो. पातळी चढून दुसऱ्या पाइपाच्या तोंडावरून बारीक धार उतरायला लागली की हात काढून घ्या. इथे व्हॉल्व्ह कोणता आहे याने फार फरक पडतो. साधा बॉल व्हॉल्व्ह, दांडीचा, पाव फेऱ्यात पूर्ण उघडा ते पूर्ण बंद होतो. त्यावर केसभर फिरवलं की चमचाभर ऐवजी तांब्याभर फरक. चाकाचा गेट व्हॉल्व्ह बरेच फेरे घेतो, त्यावर बारीक जागा पकडता येते. प्लास्टिकचा घ्या, पितळी नको. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगायी त्याने मरतात.

दुसरी दुरुस्ती मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. सायफनचं तोंड आणि दुसऱ्या पाइपाचं तोंड यांत किती अंतर आहे ते मोजा. आमच्याकडे ते पाचच सेंटिमीटर होतं. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातली पातळी थोडी उतरली की सायफनची ओढही थोडी कमी होते, आणि तो आपणहून कमी पाणी घेतो. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातल्या पातळीपासून सम्पच्या पहिल्या कप्प्यातल्या पाण्यापर्यंतचं अंतर मीटरभर असेल, तर पातळीच्या दर सेंटिमीटरला सायफनचा प्रवाह जवळजवळ अर्धा टक्का बदलतो. म्हणजे पाच सेंटिमीटरची जागा असेल तर सायफन अडीच टक्क्यांपर्यंतच सांभाळून घेतो, आमच्या हिशोबाने तासाला ३५ लिटर. त्यात बारीक धारेचे चाळीसेक लिटर धरा. पंपाचा प्रवाह शंभरने घटल्यावर हवा ओढली जाणारच होती. मी सायफनचा उभा पाइप दहा सेंटिमीटर कापून खाली घेतला. आता जागा पंधरा सेंटिमीटरची झाली, सायफन तासाला शंभर लिटरचा चढउतार स्वतः पचवतो. करवतीचं दहा मिनिटांचं काम. कापताना टँकचं पाणी पट्टीपर्यंत उतरलेलं आणि पंप बंद असू द्या, आणि कापलेल्या तोंडाच्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर तिथेच शेवाळ धरतं. तोंडावर जाळी असेल तर तीही आठवणीने परत बसवा.

तिसरी, पाणी आपोआप भरण्याची सोय. बाजारात सेन्सर लावलेली यंत्रं मिळतात, चांगली असतात. मी साधी गोष्ट केली. आपल्या कूलरमध्ये फ्लोट असतो, पाणी कमी झालं की उघडतो, भरलं की मिटतो, तसाच छोटा प्लास्टिकचा फ्लोट, आर.ओ.च्या टाकीत असतो तो, पंपाच्या कप्प्यात खुणेच्या उंचीवर बसवला आणि वर कपाटाच्या शेजारी दहा लिटरचा कॅन ठेवला. कूलरचा धातूच्या दांडीचा फ्लोट वापरू नका, गंजतो. कॅन दहाच लिटरचा, हे मुद्दाम. फ्लोट कधीतरी अडकणारच, उघडा राहिला तर जास्तीत जास्त दहा लिटर सम्पमध्ये येतील. सरळ नळाची लायन फ्लोटला जोडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ते करू नका. अडकलेला फ्लोट आणि नळाचं पाणी एकत्र आलं की घर तर भिजेलच, क्लोरीनचं ताजं पाणी थेट माशांवर जाईल. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतात, दहा लिटर दोन दिवसांना बरोबर पुरतात, आणि नळ आले की कॅन भरायचा हे आप्पांच्या सकाळच्या कामांत बसलं आहे. कॅनमध्ये क्लोरीन मारणारं औषध आधी घालून ठेवतो.

या कॅनमध्ये बोअरचं पाणी घालू नये. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. जड पाण्याने भरत राहिलं तर टँकचा जडपणा महिनोन्महिने चढत जातो, आणि पांढरा थर पट्टीवर, पाइपाच्या तोंडावर, पंपाच्या पोटात बसतो. नर्मदेचं किंवा आर.ओ.चं वापरा. ठरलेल्या दिवशी पाणी बदलणं वेगळं, तिथे माशांना सवयीचं पाणीच हवं.

पाणी उडालं नसेल, तर कुठे अडलं?

एवढं करूनही आवाज येतो आहे, असं होऊ शकतं. आमच्याकडे फेब्रुवारीत झालं. खूण सोडून पाणी सात सेंटिमीटर खाली, कॅन मात्र अर्धा भरलेला. फ्लोट अडकला म्हणून मी तो सोडवला, पाणी खुणेवर आलं, आवाज बंद. तीन तासांनी सॉक धुतला आणि पंपाचा कप्पा खुणेच्या चार बोटं वर गेला. तेव्हा उलगडलं. सॉक आणि स्पंज तुंबले होते, पहिल्या कप्प्यातली पातळी पाच-सहा सेंटिमीटर चढली होती, आणि तिथे चढलेलं पाणी पंपाच्या कप्प्यातून आलेलं होतं. पाणी घरातच होतं, फक्त भलत्या कप्प्यात उभं होतं.

म्हणून आवाज आला की आधी तीन ठिकाणी डोळे फिरवा. पंपाचा कप्पा उतरलाय आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे, तर पाणी उडालंय, भरा. पंपाचा कप्पा उतरलाय आणि पहिला कप्पा चढलाय, तर सॉक-स्पंज धुवा, पाणी भरू नका. भरलंत तर धुतल्यावर ते जास्तीचं ठरेल, आणि लाइट गेली तर सम्पच्या काठावरून बाहेर येईल. पंपाचा कप्पा उतरलाय आणि टँकची पातळी नेहमीपेक्षा वर दिसते आहे, तर ओव्हरफ्लोच्या कंगव्यासारख्या पट्टीत शेवाळ, वनस्पतीची पानं किंवा क्षार अडकलेत. टँकचं क्षेत्रफळ मोठं, तिथे पातळी एक सेंटिमीटर चढली तरी साडेपाच लिटर अडतात, आणि खाली पंपाचा कप्पा सात सेंटिमीटरने रिता होतो. डोळ्याला वरचा एक सेंटिमीटर दिसतही नाही. टँकच्या काचेवरही म्हणून एक खूण हवी.

तिन्ही पातळ्या बरोबर असूनही आवाज येतो, तेव्हा पाच लिटरचा डबा काढा. वेळ वाढली असेल, तर पंपाच्या पात्यावर क्षार बसलेत. पात्याचं चुंबक बाहेर काढून गरम पाण्यात लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवून तासभर ठेवा, मऊ ब्रशने घासा, दोनदा धुवा. आमचा पंप वर्षभरात साडेबारावरून चौदा सेकंदांवर गेला होता, धुतल्यावर परत साडेबारा. पंप धुतल्यावर व्हॉल्व्हची जागा नव्याने लावावी लागते, हे एक ठिकाण जिथे व्हॉल्व्ह फिरवणं रास्त आहे. वेळ तीच असेल आणि धबधबा वाढला असेल, तर सायफनच्या पाइपात काहीतरी आहे. आमच्याकडे एकदा गोगलगाय होती, बरोबर व्हॉल्व्हच्या अरुंद जागेत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून अर्धा मिनिट पाणी जोरात जाऊ दिलं, ती सुटून सॉकमध्ये पडली. तेव्हापासून सायफनच्या तोंडावर मोठ्या छिद्रांची जाळी आहे. बारीक जाळी लावू नका, ती स्वतःच तुंबते.

पंपाला वेग कमी-जास्त करण्याची सोय असेल किंवा रिटर्नवरही व्हॉल्व्ह असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. रिटर्न एकदा ठरवा, डब्याने मोजून आकडा लिहून ठेवा, आणि मग त्याला विसरा. दोन्हीकडे थोडं थोडं फिरवत बसलं की कशाने काय झालं ते कळत नाही.

लाइट गेल्यावर

लाइट गेली की पंप थांबतो आणि टँकमधलं पट्टीच्या वरचं, ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं आणि पाइपांतलं पाणी खाली येतं. आमच्याकडे हे सगळं मिळून अठरा लिटरच्या आसपास. सम्पमध्ये खुणेच्या वर तीसेक लिटरची जागा मोकळी आहे, म्हणून त्यात फ्लोटचे दहाही मावतात. तुमचा हिशोब करून बघा, आणि मग प्रत्यक्ष स्विच बंद करून, खाली टॉवेल अंथरून, दहा मिनिटं समोर उभं राहून बघा. ही चाचणी रात्री लाइट जाण्याआधी आपण होऊन केलेली बरी.

रिटर्नचं नोझल पाण्यात खोल असेल, तर पंप थांबल्यावर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि नोझलच्या तोंडापर्यंतचं सगळं पाणी खाली ओढतो. त्यावर उपाय म्हणून रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली तीन-चार मिलिमीटरचं छिद्र पाडतात. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. पण ते छिद्र शेवाळाने बुजतं. महिन्यातून एकदा टूथपिक फिरवा. उलटं पाणी अडवणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्याच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला की तो मिटत नाही.

लाइट परत आली की पहिली मिनिट-दोन मिनिटं भरपूर आवाज होतो, दुसरा पाइप जोरात वाहतो, सायफन हवा ओकतो आणि मग एकदम शांत होतो. त्या वेळी व्हॉल्व्हला अजिबात हात लावायचा नाही. पाच मिनिटांनीही शांत होत नसेल, तर सायफनचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात किती बुडालंय ते बघा. दोन-तीन सेंटिमीटरच हवं. जास्त बुडालं असेल तर आतली हवा बाहेर पडू शकत नाही आणि सायफन धरतच नाही. सॉक तुंबून पहिला कप्पा चढला की हेही होतं, म्हणजे पुन्हा सॉकच.

वर्षातून दोनदा मी आणखी एक चाचणी करते. सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा आणि सगळं पाणी एकट्या दुसऱ्या पाइपातून जातं का, टँक काठोकाठ येतो का, ते बघायचं. एक हात पंपाच्या स्विचवर ठेवायचा. पाणी काठाकडे यायला लागलं तर दुसरा पाइप तुमच्या पंपाला अपुरा आहे, आणि तो आधी बदलायला हवा. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी तो किती फेऱ्यांवर होता ते मोजून ठेवा, म्हणजे परत तिथेच आणता येईल. तारांचंही याच वेळी बघून घ्या. प्रत्येक तार बोर्डाच्या खाली लोंबून मग वर गेलेली हवी, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

थंडीत हीटर लावणाऱ्यांनी तो पंपाच्या कप्प्यातून आजच हलवावा. मीही तो तिथेच लावला होता, लपायला सोयीची जागा म्हणून. पण उतरणारी पातळी हीटरला उघडं पाडते, काच तापते, आणि वर पाणी ओतलं की तडकते. मधल्या कप्प्यात पाणी काचेच्या उंचीने बांधलेलं असतं, तिथे तो कायम बुडालेला राहतो.